थरथर कुठं उमटते, कुठं जन्मते



विजेच्या गाड्या, सुट्या भागांवरचा कर, कुशल कारागिरांची टंचाई यांवर गॅरेजवाल्यांच्या या परिषदेतल्या परिसंवादांत जाणकार बोलणारच आहेत. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. जास्त ताकदीच्या, वेगवान गाड्यांमधले विचित्र दोष आपण शोधतो कसे? हा विषय निवडला, कारण आपल्या धंद्यात दोष शोधणं कमी झालंय आणि पार्ट बदलणं वाढलंय, असं माझं ठाम मत आहे. त्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि आपली विद्याही जाते.

एक गाडी सांगतो. साडेतीनशेहून जास्त अश्वशक्तीची, चारही चाकांना ताकद देणारी सेडान. तक्रार अशी, की सोसायटीच्या पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग कापून काढताना गाडी अडखळते. हलक्या पायानं पन्नास-साठच्या वेगात चालवली की खालून थरथर येते, आणि पाय जोरात दाबला की ती गायब होते. स्कॅनरवर एकही एरर कोड नाही. आधीच्या गॅरेजनं ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा भाग, बदलायला सांगितली होती. खर्च लाखांच्या घरात.

तो सल्ला अगदीच निराधार नव्हता. ट्रान्सफर केसमधला क्लच आवळणाऱ्या मोटरचा कनेक्टर काढला, की ती गाडी नुसत्या मागच्या चाकांवर चालते. तसं करून पाहिलं आणि थरथर थांबली. म्हणजे थरथर ट्रान्सफर केसमध्येच उमटत होती, यात शंका नाही. पण ती तिथं उमटते म्हणून तिथंच जन्मते, असं होत नाही. पुष्कळ तपास नेमके याच जागी थांबतात.

मग टायर मोजले. माप चारहींचं एकच, २२५/४५ आर १८. मागचे दोन नवे, नक्षी ८ मिलिमीटर. पुढचे जुने, नक्षी ३ मिलिमीटर. नव्या टायरचा घेर साधारण २०७० मिलिमीटर भरतो, झिजलेल्याचा त्याहून ३० मिलिमीटरनं कमी. फरक दीड टक्क्याचा. म्हणजे दर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा सातेक फेऱ्या जास्त मारणार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. तो एकदा पार केला की तफावत साडेसहाशे फेऱ्यांच्या वर जाते.

दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हे कुणाला कळणारही नाही. इथं पुढचा आणि मागचा शाफ्ट क्लचच्या प्लेटांनी एकमेकांशी बांधलेले असतात, आणि ती तफावत त्या प्लेटांना घसरून पचवावी लागते. ऑइल तापतं. घर्षण मऊ ठेवणारे त्यातले घटक खर्ची पडतात. मग प्लेटा सलग घसरायच्या थांबतात, धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. गिऱ्हाइकाला जाणवणारी थरथर ती हीच. पाय दाबला की क्लच घट्ट आवळला जातो, प्लेटांचं घसरणं थांबतं, म्हणून थरथरही थांबते. त्या गाडीला चार सारखे टायर बसवले, ट्रान्सफर केसचं ठरवून दिलेलं ऑइल भरलं, ॲडाप्टेशन रीसेट केलं. ट्रान्सफर केस जुनीच राहिली.

यातली एक गोष्ट मला फार गंभीर वाटते. नवी ट्रान्सफर केस बसवली असती, तरीही थरथर गेलीच असती. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं असतं, मेकॅनिकला आपलं निदान बरोबर होतं असं वाटलं असतं, आणि नव्या प्लेटा त्याच टायरांवर पुन्हा झिजायला लागल्या असत्या. तक्रार मिटली म्हणजे दोष सापडला, असं धरून चालणं आपण सोडलं पाहिजे.

टायरकडे दुर्लक्ष करण्याची सवय जुनी आहे आणि जगभर आहे. अमेरिकेत १९६० च्या मॉडेलपासून शेवरले कॉर्व्हेअर ही गाडी आली. इंजिन मागं, मागच्या चाकांना स्विंग ॲक्सल. या गाडीच्या पुढच्या टायरांत १५ पौंड आणि मागच्या टायरांत २६ पौंड हवा ठेवावी, अशी कंपनीची सूचना होती. चारही चाकांत सारखी हवा भरली, की वळणावर तिची शेपूट सुटण्याचा धोका वाढे. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण या गाडीवर आहे. पुढं १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या तपासणीनं, ही गाडी त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती, असा निष्कर्ष काढला. तो वाद बाजूला ठेवू. गाडीचं वळणावरचं वागणं हवेच्या काट्यावर इतकं अवलंबून असू शकतं, एवढं आपण त्यातून घेतलं तरी पुष्कळ आहे.

हादऱ्यांच्या तक्रारीतही हिशोबच कामी येतो. ताशी १०० किलोमीटरला त्या सेडानसारख्या गाडीचं चाक सेकंदाला साडेतेराच्या आसपास फेऱ्या मारतं, आणि प्रॉपेलर शाफ्ट त्याच्या तिप्पट वा थोडा अधिक. कंपन मोजायचं ॲप हल्ली मोबाइलवरही मिळतं. आकडा चौदाच्या जवळ आला तर चाकं-टायर बघा, चाळिशीच्या पुढं गेला तर शाफ्ट बघा. वेग तोच ठेवून गिअर बदला. हादरा तसाच राहिला तर इंजिनाला दोष देऊ नका. ताकद देताना येतो आणि पाय काढताच जातो, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा उघडून पाहा. या चाचण्यांना पैसा लागत नाही. लागतो तो मोकळा रस्ता, आणि शेजारी बसून लिहून घेणारा दुसरा माणूस.

वळणावरची तक्रार याहून अवघड. खंबाटकी घाटाच्या वळणात पाय एकदम काढला आणि मागची बाजू बाहेर सरकली, असं गिऱ्हाईक सांगतं. अलाइनमेंटच्या मशिनवर सगळे आकडे हिरवे येतात, कारण मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. मागच्या आर्मचं बुश आतून फाटलेलं असेल, तर भार पडल्यावरच चाकाचा टो बदलतो. टॉमी लावून बुश हलवून पाहिल्याशिवाय हे कळायचं नाही. कधी सगळं ठाकठीक असतं, पण अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बिंदू बसवलेला नसतो. मग चालक एकीकडे वळतोय असा स्थैर्यप्रणालीचा समज होतो आणि ती नको त्या वेळी एकाच चाकाचा ब्रेक लावते.

म्हणूनच गिऱ्हाइकाचं बोलणं मध्येच तोडू नका. “गाडी खेचते” असं ते म्हणालं, तर कधी, कुठल्या वेगात, ब्रेकवर की पाय काढल्यावर, गार असताना की तापल्यावर, हे विचारा आणि त्याच्याच शब्दांत जॉब कार्डावर उतरवा. आयटीआयमधून आलेल्या पोराच्या हाती स्कॅनर देण्याआधी नक्षी मोजायचं गेज, हवेचा काटा आणि डायल गेज द्या.

आणि शेवटची विनंती. पुढच्या परिषदेला प्रत्येकानं एक सुटलेली केस मराठीत लिहून आणावी. तक्रार, मोजमापं, केलेल्या चाचण्या, उपाय, आणि सहा महिन्यांनी गाडीची अवस्था. न सुटलेली असेल तर तीही आणा. आपण त्यांचा संग्रह छापू आणि राज्यातल्या प्रत्येक आयटीआयला पाठवू.