थांबवणारी तार

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. असा माणूस कारखान्यातल्या रोबोच्या वायरिंगवर काय बोलणार, असं तुम्हांला वाटलं तर नवल नाही. घरातला फ्यूज गेला तरी मी शेजाऱ्याला हाक मारतो. पण हा विषय मी स्वतः मागून घेतला, कारण त्यात माझ्या घरातलं एक जुनं दुखणं आहे.

माझं गाव रोहिणखेड. बुलडाणा जिल्हा, मोताळा तालुका. आम्ही घाटाखालचे. खुदावंतखान महदवीनं १५८२ साली बांधलेली मशीद ही गावाची जुनी ओळख. बाकी मग कापूस, मका, सोयाबीन आणि विहिरीवरचे पंप. पंप आले म्हणजे वीज आली आणि वीज आली म्हणजे तिचं जाणंही आलं. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाइट रात्रीची. बारा-एकला उठायचं, बॅटरी घेऊन वावरात जायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. परत येऊन अंथरुणात शिरावं, तोवर लाइट पुन्हा गेलेली.

यावर शेतकऱ्यांनी एक तोड काढली. तिचं नाव ऑटोस्विच. स्टार्टरला ही डबी जोडली की वीज येताच पंप आपोआप सुरू होतो, माणसाला उठावं लागत नाही. वीज कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली आहे की ऑटोस्विच काढा, कारण लाइट आली की डीपीवरचे सगळे पंप एकदम चालू होतात आणि डीपी जळते. पण या डबीचा आणखी एक धोका आहे.

१९९८ च्या डिसेंबरातली गोष्ट. लाइट गेलेली होती. मोटार आणि पंप यांच्या मधल्या कपलिंगमध्ये काहीतरी अडकलं म्हणून माझ्या थोरल्या भावानं, आमच्या भाईजाननी, तिथे हात घातला. मेन स्विच बंद केलेला नव्हता. लाइटच नाही, तर बंद कशाला करायचा? त्याच वेळी लाइट आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तो ऑटोस्विच मी मलकापूरहून आणला होता आणि मीच बसवून घेतला होता. मला रात्री उठायचं नव्हतं.

भाईजानचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे त्यानं आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, पुण्याकडे गेला आणि कारखान्यांतले रोबो बसवण्याच्या कामाला लागला. करोनाच्या आधीची गोष्ट. एक दिवस तो अचानक बॅग घेऊन गावी आला. काम सुटलं होतं. कारण विचारलं तेव्हा कळलं ते असं. रोबोच्या भोवती जाळीचं कुंपण असतं. कुंपणाचं दार उघडलं की रोबो थांबतो, कारण दाराला तसा स्विच असतो. त्या कारखान्यात दिवसातून पंधरा-वीस वेळा दार उघडावं लागे आणि दर वेळी काम थांबे. वरिष्ठांनी सांगितलं, दाराच्या स्विचला तारेचा एक तुकडा टाकून दे, म्हणजे दार उघडं असलं तरी रोबोला ते बंदच वाटेल. यानं नकार दिला आणि त्याला घरी पाठवलं गेलं.

भाभी रडल्या. मी त्याच्यावर रागावलो. म्हटलं, "एका वीतभर तारेसाठी नोकरी घालवलीस? साहेब सांगतो ते करायचं."

तो म्हणाला, "चाचा, तो तुकडा म्हणजे ऑटोस्विचच आहे."

मी गप्प झालो. आमच्या विहिरीवरचा ऑटोस्विच कुणी बसवला होता, हे त्याला ठाऊक होतं की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. पण तो काय म्हणतो आहे हे मला तेव्हा पुरतं समजलंही नव्हतं. पुढे त्याला दुसरीकडे काम मिळालं. गेल्या वर्षी मी पुण्याला गेलो असताना तो म्हणाला, "चला, दाखवतो." रीतसर परवानगी काढून त्यानं मला चाकणच्या एका शेडमध्ये नेलं. पायात उसने बूट, डोक्यावर हेल्मेट, आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभं राहायची ताकीद.

रोबो हा शब्द तसा आम्हां साहित्यिकांच्याच घरातला. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. त्याचं मूळ वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दात आहे. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. आपल्याकडे चाकणला बजाज ऑटोनं २०१० पासून माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे हलके रोबो आणले. ते माणसाला अडले की थांबावेत अशी त्यांची रचना असते. पण वेल्डिंग करणारा, जड लोखंड उचलणारा मोठा रोबो तसा नसतो. समोर लोखंड आहे की माणसाचं डोकं, हे त्याला कळत नाही. म्हणून त्याला कुंपण लागतं.

शेडमध्ये नवा रोबो बोल्टनं जमिनीला जखडून उभा होता. शेजारी छोट्या कपाटाएवढी लोखंडी पेटी, तिला कंट्रोलर म्हणतात. हात बाहेर आणि डोकं या पेटीत. त्या दिवशी या पेटीची जोडणी होती.

पहिला अर्धा तास कुणी पकड हातात घेतली नाही. पेटीवरची पाटी वाचली, पुस्तिका वाचली. आपल्या कारखान्यांत तीन फेजचा सुमारे ४१५ व्होल्टचा पुरवठा असतो. अनेक जपानी कंट्रोलर २०० ते २२० व्होल्टवर चालतात, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. पाटी न वाचता थेट जोडणी केली तर पहिल्याच क्षणी सगळं जळून जाईल.

मग मेन स्विच बंद झाला. काम करणारे तिघे होते. तिघांनी त्या स्विचला आपापलं कुलूप लावलं आणि किल्ली आपापल्या खिशात ठेवली. मी विचारलं, एक कुलूप पुरलं नसतं का? पुतण्या म्हणाला, "माझा हात आत असताना दुसऱ्यानं स्विच टाकू नये, म्हणून माझी किल्ली माझ्याच खिशात."

कुलूप लावल्यावरही ते पाच मिनिटं नुसते उभे राहिले. कंट्रोलरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. वीज बंद केली तरी त्यांच्यात जीव घेण्याइतका विजेचा दाब काही काळ उरतो. किती थांबायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं, इथे ते पाच मिनिटं होतं. त्यानंतर मीटर लावला. पण तोही आधी चालू वीज असलेल्या ठिकाणी लावून पाहिला, मग बंद जागी, मग पुन्हा चालू जागी. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो, म्हणून आधी मीटरची परीक्षा.

पहिली तार जोडली ती अर्थिंगची, हिरवी-पिवळी. ती सगळ्यांत आधी जोडायची आणि सगळ्यांत शेवटी काढायची. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगला ती जोडायची नाही, तिला स्वतंत्र वाट द्यायची. नंतर जाड केबली एका नळीतून आणि बारीक, संदेश नेणाऱ्या केबली दुसऱ्या नळीतून ओढल्या. एकत्र ओढल्या तर मोठ्यांच्या गोंगाटात लहानांचं बोलणं बिघडतं आणि रोबोला आपला हात नेमका कुठे आहे ते नीट समजत नाही. सगळे कनेक्टर वीज बंद असतानाच बसवले. चालू विजेवर कनेक्टर ओढायचा नाही, हा नियम.

मग आल्या त्या तारा, ज्यांच्यासाठी पुतण्यानं मला तिथे नेलं होतं. लाल रंगाचं, छत्रीसारखं इमर्जन्सीचं बटण आपण पाहिलेलं असेल. मला वाटायचं, ते दाबलं की वीज जाते आणि रोबोला 'थांब' असं सांगते. प्रत्यक्षात उलट आहे. त्या तारेतून वीज सतत वाहत असते. ती वाहते आहे तोवरच रोबोला हलायची परवानगी. बटण दाबलं की तार तुटते आणि परवानगी संपते. असं का? तर उंदरानं तार कुरतडली, स्क्रू ढिला झाला, कुणाच्या पायानं ती उपटली, तरी रोबो थांबलाच पाहिजे. शिवाय अशा तारांच्या दोन वेगवेगळ्या वाटा असतात. एका वाटेवरचा संपर्क चिकटून बसला तर दुसरी वाट तुटते, आणि दोघींचं एकमत नाही हे पाहून कंट्रोलर पुढचं काम नाकारतो. कुंपणाच्या दाराची जोडणीही अशीच.

इथेच एक फसगत आहे. कंट्रोलर कारखान्यातून येतो तेव्हा पुष्कळदा या जागांवर आखूड तारेचे तुकडे आधीच लावलेले असतात. त्यांना जंपर म्हणतात. ते काढून त्या जागी खरं बटण, खरं दार जोडायचं असतं. जंपर तसाच ठेवून वरून बटणाच्या तारा जोडल्या तर पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं, पण बटण दाबून काहीच होत नाही. बटण नसतं तर माणूस जपून वागला असता. बटण आहे म्हणून तो निर्धास्त होतो. साहेबांनी मागितलेला तुकडा हाच होता. पुतण्यानं त्या दिवशी एकेक जंपर काढला, मोजला आणि एका डबीत ठेवला.

शेवटी रोबोला काम शिकवायचा हातातला फलक जोडला. त्याच्या मागे एक दाबपट्टी असते. ती अर्धी दाबून धरली तरच रोबो हलतो. हात सोडला की थांबतो. आणि गंमत अशी की घट्ट आवळली तरी थांबतो. घाबरलेला माणूस एक तर हातातलं सोडून देतो, नाही तर ते गच्च धरतो. ज्यानं ही पट्टी बनवली, त्यानं भ्यालेल्या माणसाचा हात नीट पाहिला असला पाहिजे. शिकवण्याच्या वेळी रोबोचा वेगही सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नसतो, म्हणजे माणसाला मागे सरायला वेळ मिळतो.

मी विचारलं, "आणि मधेच लाइट गेली, परत आली तर?"

पुतण्या माझ्याकडे पाहून म्हणाला, "तर तो उभाच राहील, चाचा. कुंपणाबाहेर येऊन, आत कुणी नाही हे डोळ्यांनी पाहून, माणसानं वेगळं बटण दाबल्याशिवाय तो हलणार नाही."

आमच्या विहिरीवर नेमकं हेच नव्हतं.

श्रोतेहो, ही भीती काल्पनिक नाही. १९७९ च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात रोबोच्या धक्क्यानं एक कामगार गेला. रोबोमुळे झालेला हा पहिला मृत्यू मानला जातो. १९८१ साली जपानमध्ये आकाशी इथल्या कावासाकीच्या कारखान्यात दुसरा एक कामगार गेला. तिथे दार उघडताच रोबो बंद होईल अशी सोय होती. पण त्या वेळच्या बातम्यांनुसार, तो दार न उघडता कुंपणावरून उडी मारून आत गेला. २०१५ साली हरियाणात मानेसर इथे एका तरुण कामगाराचा जीव गेला. रोबो माणसाला इजा करणार नाही, हा नियम आयझॅक असिमॉव्हनं १९४२ साली आपल्या कथेत लिहिला. खऱ्या रोबोला तो वाचता येत नाही. त्याच्यासाठी तो नियम आपल्यालाच तारांमध्ये लिहावा लागतो आणि कुणी खोडणार नाही हे पाहावं लागतं.

संध्याकाळी वीज सुरू झाली. हात सावकाश हलू लागला. एकेक बटण दाबून पाहायचं होतं. एक दाबलं की थांबायचं, कागदावर खूण करायची, मग पुढचं. तिसऱ्या बटणाशी पुतण्या म्हणाला, "चाचा, हे तुम्ही दाबा." मी तळहातानं दाबलं. मधल्या मधे हात थांबला. त्यानं कागदावर खूण केली.

गावी आल्यावर भाईजानना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कुलूप ज्याचं त्याचं वेगळं असतं?" मी हो म्हटलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. ऑटोस्विचबद्दल ते मला इतक्या वर्षांत एकदाही बोललेले नाहीत. म्हणून आज मी बोललो.

तुमच्यापैकी कुणी कारखान्यात काम करत असेल, कुणाच्या पिठाच्या गिरणीवर किंवा विहिरीवर मोटार असेल. तिला थांबवणारी जी तार आहे ती आज एकदा तपासून पाहा. मध्ये कुणी तुकडा टाकलेला असेल तर काढून घ्या. आणि हात आत घालण्याआधी मेन स्विच बंद करा, मग लाइट असो वा नसो.