मत देण्यापूर्वी चौकशी करा

१९१९ च्या कायद्यात सारा किंवा कर भरणाऱ्या थोडक्यांसच मत होते. कुळे, बलुतेदार, मजूर बहुतेक बाहेरच राहिले. १९५० च्या राज्यघटनेने ते सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस दिले.

बैल घेताना आपण दात पाहतो. मग पाच वर्षांचा कारभारी न पारखता का नेमावा? मतदार-यादीत नाव आहे काय, ते आधी पाहा. नुसते ओळखपत्र कामाचे नाही. विधानसभेचा उमेदवार आपली मालमत्ता व फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात लिहून देतो. ते शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. जिल्हा परिषदेच्या उमेदवारास शाळा, दवाखाना, रस्ता यांचा जाब विचारा. जातभाई म्हणून किंवा पाकिटासाठी मत देणे म्हणजे पुन्हा गुलामी पत्करणे होय!