रात्रीचा पूल



चितेगावात येऊन लंडनच्या एका चित्रावर बोलायचे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण दिवसा डोळ्यांत धूर घालणारा कारखाना रात्री दुरून कसा दिसतो, हे पैठण रस्त्यावर राहणाऱ्यांना मी सांगायला नको. आजचे चित्र त्याच अनुभवाचे आहे.

जेम्स व्हिस्लर हा अमेरिकन चित्रकार लंडनला टेम्स नदीकाठी राहात असे. समोरचा काठ कारखान्यांचा. मध्ये बॅटर्सीचा जुना लाकडी पूल. १८८५ साली तो पाडला गेला, पण त्यापूर्वी, १८७२ ते १८७५ च्या सुमारास, व्हिस्लरने त्याचे रात्रीचे रूप रंगवून ठेवले होते. पुलाचा एक उंच खांब, खाली होडीत एक माणूस, पैलतीरी मिणमिणते दिवे, आकाशात आतषबाजीच्या चार ठिणग्या. बाकी सारी निळी रात्र.

अंधारात रंग कसा लावणार? व्हिस्लर दृश्य डोळे भरून पाही, मग त्याकडे पाठ करून सोबत्याला ते तोंडपाठ म्हणून दाखवी. चुकला, की पुन्हा पाही. रंगकाम दुसऱ्या दिवशी.

त्याच्या अशाच दुसऱ्या एका रात्रचित्रावर रस्किन या थोर टीकाकाराने जहरी लिहिले. व्हिस्लरने अब्रूनुकसानीचा दावा लावला. १८७८ साली पुलाचे चित्रही कोर्टात आले. न्यायाधीशांनी विचारले, यात पूल कोणता? वकिलांनी विचारले, त्या दुसऱ्या चित्राचे दोन दिवसांच्या कामाला दोनशे गिनी? ते दाम आयुष्यभर मिळविलेल्या ज्ञानाचे, असे व्हिस्लरने उत्तर दिले. तो जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पुढच्या वर्षी त्याचे दिवाळे वाजले. पुलाचे ते चित्र १९०५ साली कलाप्रेमींच्या निधीतून राष्ट्रासाठी विकत घेण्यात आले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

आपण म्हणाल, पैलतीरी राबणारे मजूर या चित्रात कुठे आहेत? नाहीत. अंधाराने धुराबरोबर त्यांचे कष्टही झाकले. हा आक्षेप मला खरा वाटतो. परंतु कोर्टातले ते उत्तर मात्र मजुराचेही आहे. लेथवर पाच मिनिटांत काम उतरविणाऱ्या कारागिराला पाच मिनिटांचेच दाम देऊ पाहणारे आजही भेटतात. त्या पाच मिनिटांमागची वर्षे त्यांना दिसत नाहीत. न्यायाधीशांना पूल दिसला नाही, तसेच.

तेव्हा घरी जाताना क्षणभर थांबा. आपले हे दिवे नीट पाहा, मग पाठ फिरवून आठवा. किती उरले ते ज्याचे त्याला कळेल.