पायाच्या धमनीतला अडथळा: फुगा की बायपास?

वलगावच्या बाजारातून चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की उतरतो, चाललं की पुन्हा येतो. वय झालं म्हणून हे सोडून देऊ नका. पायाची धमनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. बिडी-तंबाखू आणि मधुमेह ही त्यामागची मोठी कारणं.

औषधं आणि चालण्याच्या व्यायामानं भागलं नाही, किंवा पायाची जखम चिघळली, तर धमनी मोकळी करावी लागते. अँजिओप्लास्टीत बहुधा जांघेतून बारीक नळी घालून आत फुगा फुगवतात, गरज पडल्यास स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवतात. गंमत म्हणजे ही पद्धत आधी हृदयासाठी नव्हे, पायासाठीच निघाली. १९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या आजींचा पाय वाचवला. तेव्हा फुगाही नव्हता, नुसत्या नळ्या!

अडथळा लांबलचक असेल तर बायपास. त्यात बऱ्याचदा पायातलीच शीर वापरून रक्ताला नवी वाट देतात. शस्त्रक्रिया मोठी, पण चांगली शीर मिळाली तर ती वाट जास्त टिकते. बिडी सुरूच ठेवली, तर दोन्ही उपाय वाया जाऊ शकतात.

पाय अचानक थंड, पांढरा पडून दुखू लागला तर मालिश करत बसू नका, लगेच अमरावतीचं रुग्णालय गाठा. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.