पाणी तापायला वेळ का लागतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ही बाई शास्त्रावर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण माझी मुलगी दहावीत आहे, आणि 'विशिष्ट उष्माधारकता' हा शब्द दिसला की ती पुस्तकच मिटते. तो धडा मी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, तेव्हा ध्यानात आले की तो तर आपल्या ओट्यावर रोज घडतो!

एक किलो पदार्थ एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, ती त्याची विशिष्ट उष्माधारकता. पाण्याला सुमारे 4.2 किलोज्यूल लागते, खाण्याच्या तेलाला साधारण 2 आणि लोखंडाला अवघी 0.45. म्हणून रिकामी कढई चटकन तापते आणि पाणी वाट पाहायला लावते. मात्र पाण्यात साठलेली उष्णता निघायलाही वेळ लागतो; म्हणून तर कंबर शेकायला आपण गरम पाण्याची पिशवी घेतो.

याचा हिशेबही अवघड नाही. वजन, वाढवायचे अंश आणि हा आकडा, तिघांचा गुणाकार. अंघोळीचे 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 वर न्यायला 15 गुणिले 20 गुणिले 4.2, म्हणजे 1260 किलोज्यूल लागतात. विजेच्या एका युनिटात 3600 किलोज्यूल असतात. म्हणजे बादलीमागे एक तृतीयांश युनिटाहून थोडी जास्त वीज. निम्मे पाणी तापवले तर खर्चही निम्मा.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. उघड्या पातेल्यातले पाणी 100 अंशांच्या आसपास उकळू लागले की त्याहून तापत नाही. तेल तापते लवकर आणि तेथे थांबतही नाही. आधी धूर येतो, मग ते पेट घेते. म्हणून तेल चढवून दारावरच्या भाजीवालीकडे जाऊ नये. पेटलेच तर गॅस बंद करून वर झाकण सरकवावे. पाणी कधीही ओतू नये. ते तेलाखाली जाऊन एका क्षणात त्याची वाफ होते आणि जळते तेल अंगावर उडते.

पदार्थागणिक उष्णता सामावण्याची शक्ती निराळी असते, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात ओळखले. आपल्या मुलींना ते आजही उमजेल. 'हे आपल्याला कुठे जमायचे' असे मात्र त्यांना म्हणू नका.