धुऱ्यावरच्या अंबाडीचा चहा
(जिल्हा बैठकीत एका शेतकरी बहिणीने केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर आणि पीक विम्यावर बोलणे चालू आहे. मधे चहा आला. दुधाचा, साखर घट्ट. सगळ्यांनी घेतला, मीही घेतला. आता मला पंधरा मिनिटे दिली आहेत, त्यात मी दुसऱ्या एका चहाबद्दल बोलणार आहे. धुऱ्यावरच्या अंबाडीच्या चहाबद्दल. मागे बसलेले भाऊ हसताहेत, हसू द्या.

अंबाडी काय असते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. ज्वारीच्या कण्या घालून केलेली भाजी, वरून लसणाची फोडणी, सोबत भाकर, यावर आपली पिढी वाढली. वाखाचे दोर, कासरे, दावे घरीच वळले जायचे. नायलॉनचा दोर आला आणि वाख गेला. तणनाशक आले आणि मधले तासही गेले. बोंडे तेवढी लेकरे आंबट म्हणून खात राहिली आणि बाया चटणी, शरबत करत राहिल्या.

त्याच बोंडाचा चहा होतो. पण एक खूण लक्षात ठेवा. आपण अंबाडी म्हणतो त्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. एक निव्वळ वाखाची, तिच्या बोंडाभोवती जाड, रसाळ असे काही धरत नाही. दुसरी आंबट बोंडाची. फूल गळून पडले की हिच्या बोंडाला लाल, जाड, आंबट पाकळ्यांचे वेष्टण राहते. चहा त्या वेष्टणाचा, फुलाचा नाही.

ही गोष्ट मी शोधून काढलेली नाही. सुदान देशात कोर्डोफान म्हणून भाग आहे. रेताड, कोरडवाहू. तिथला शेतकरी ज्वारी, तीळ, भुईमूग पेरतो आणि त्याच्या जोडीला हीच अंबाडी. तिला ते करकदे म्हणतात. सुदानात आणि शेजारच्या इजिप्तमध्ये घरोघरी हा चहा गरमही पितात, थंडही पितात. तिकडून वाळलेल्या बोंडाची पोती जर्मनीला जातात, अमेरिकेला जातात. तिथे फळांचा चहा म्हणून जी लाल रंगाची पुडी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा रंग आणि आंबटपणा या अंबाडीचा असतो. म्हणजे ज्वारीवाल्याच्या धुऱ्यावरचे पीक साहेब लोक पितात, आणि आपण ते वाळून जाऊ देतो.

आता तब्येतीचे. यात चहापत्तीतले कॅफिन नाही, म्हणून रात्री घेतला तरी झोप उडत नाही. दूध घालता येत नाही, फाटते. दिवसातले दोन कप दुधाचे कमी करून हा घेतला तर साखरही कमी जाते, पण त्यात चार चमचे साखर ओतली तर काय उपयोग?

रक्तदाबावर याचा खरोखर परिणाम होतो का? होतो, थोडा होतो. अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१० साली एक अभ्यास छापला. ज्यांचा दाब थोडा वाढलेला आहे पण गोळी सुरू नाही अशी ६५ माणसे घेतली. काहींना रोज तीन कप अंबाडीचा चहा, काहींना तसाच दिसणारा आणि लागणारा नकली चहा, सहा आठवडे. वरचा दाब चहावाल्यांचा सरासरी ७ ने उतरला, नकलीवाल्यांचा १ ने. खालच्या दाबात दोघांत पक्का म्हणावा असा फरक निघाला नाही.

हे आकडे मी मुद्दाम सांगते. १३५ चे १२८ होणे चांगलेच आहे. पण ज्याचा दाब १८० आहे त्याचे ७ ने काय होणार?

माझ्याच घरात हे घडले. माझे भासरे, वय साठच्या आत, दाबाची गोळी रोजची. एका बाजारात एक माणूस गाडी लावून लाल चूर्ण विकत होता. गोळी सोडा, हे घ्या, म्हणाला. भासऱ्यांनी पुडी आणली. उघडून पाहिली तर वास ओळखीचा. मी म्हटले, हे तर आपल्या अंबाडीचे दिसते. मग सगळे घर खूश झाले, घरचेच औषध आहे म्हणून. गोळी कोणी बंद केली ते कोणी विचारले नाही. जाऊबाईंना वाटले घेतात, मला वाटले जाऊबाई देतात. दीड महिन्याने पहाटे बैल सोडायला उठले आणि गोठ्यातच बसले. उजवा हात, उजवा पाय गेला. आज काठीने चालतात, पण वखर धरता येत नाही. त्या चूर्णात विष नव्हते. गोळी नव्हती, एवढेच.

म्हणून आमच्या गावात आम्ही बाया हा चहा करतो, पण आधी विचारतो. गोळी चालू आहे? मग गोळी चालूच राहील, आणि रोज चहा घ्यायचा तर डॉक्टरला सांगून, कारण दोन्ही मिळून दाब जास्त उतरू शकतो. पोटुशी बाईने घेऊ नये. हिवतापासाठी क्लोरोक्वीन चालू असेल तर तेवढे दिवस नको, या पेयाने ती गोळी अंगात कमी उतरते हे सुदानातच तपासले गेले आहे.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. बोंडे कुठली तोडायची? पऱ्हाटीच्या धुऱ्यावरची नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना आपली माणसे दगावली, ते कोणी विसरले नसेल. तेच औषध वाऱ्याने धुऱ्यावर येते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात उतरते, मग बोंड दहा पाण्यांनी धुवा, आतले जात नाही. शिवाय कपाशी, भेंडी, अंबाडी एका कुळातली, पिठ्या ढेकणासारखी कीड एकीवरून दुसरीवर जाते. तेव्हा चहाची अंबाडी ज्वारीच्या वावरात, नाहीतर घरामागे, जिथे पंप फिरत नाही तिथे टाका. घरापुरती आठ-दहा झाडे पुष्कळ झाली.

जूनमध्ये पेरलेली अंबाडी दिवाळीच्या आगेमागे बोंडावर येते. बोंड कोवळे, वेष्टण टचटचीत असताना तोडा. आतले बी कडक होऊन बोंड तडकायला लागले की उशीर झाला. देठाकडून चाकूने गोल कापले की आतले बोंड बाहेर निघते. दोन-चार झाडांची बोंडे बियाण्याला राखा. वेष्टण धुवा, निथळू द्या, बाजेवर धडप्यावर पातळ पसरा आणि वरून दुसरा पातळ कपडा. सावलीत वाळवले तर रंग टिकतो. कुरकुरीत मोडले पाहिजे. ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते, आणि बुरशीचे चाळून वापरायचे नाही, फेकायचे. दहा किलो ओल्याचे साधारण एक किलो वाळलेले होते, तेव्हा भाव सांगणाऱ्याला आधी ओला की वाळलेला ते विचारा.

चहा असा करा. स्टीलच्या गंजात चार कप पाणी उकळा. जर्मनचा गंज नको, कल्हई गेलेले पितळही नको, आंबटाने भांड्याचा अंश उतरतो. गंज खाली उतरवा, मग चार लहान चमचे चुरा टाका, झाकण ठेवा, सहा-सात मिनिटे. चुलीवर खळखळ उकळत ठेवू नका, तुरट होतो. गाळा. आल्याचा तुकडा, थोडा गूळ चालेल. उन्हाळ्यात हाच माठातल्या पाण्यासारखा गार करून वावरात न्या.

विकायचे म्हणाल तर बचत गटाच्या बायांनी खाद्यपदार्थाची नोंदणी करून चहा म्हणून विकावे. पुडीवर 'रक्तदाब बरा होतो' असे छापू नका. चमत्कारी उपायांच्या जाहिरातीविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे, त्यात रक्तदाबाचे नाव घातलेले आहे. आणि कायदा नसता तरी मी माझ्या भासऱ्यांच्या तोंडासमोर तसे छापू शकले नसते.

मांडवाच्या डाव्या बाजूला बायांनी मोठा गंज तयार ठेवला आहे. ज्वारीच्या वावरातली बोंडे आहेत, गूळ वेगळा ठेवला आहे. ज्यांची दाबाची गोळी चालू आहे त्यांनी कप उचलायच्या आधी मला येऊन सांगा, आणि आज सकाळची घेतली का तेही सांगा.