दौऱ्यावरचा एक अवघड दिवस

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या परंपरेविषयी बोलावे, असा संकेत आहे. ते काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी आज सकाळपासून उत्तम रीतीने केले आहे. मी संगीताचा विद्यार्थी. तेव्हा एका वाद्यवृंदाच्या दौऱ्यातील एका दिवसाची हकिकत सांगण्याची अनुमती मागतो. वाद्यवृंद लिव्हरपूलचा, दिवस फिलिपाइन्समधील मनिला शहरातला, आणि त्या दिवसानंतरची पहाट उगवली ती आपल्या या दिल्लीत. विषय दूरचा वाटेल. परंतु त्यात एक शाळा आहे, शाळासोबती आहेत आणि आपल्या स्मरणिकेला उपयोगी पडेल असे काहीतरी आहे.

‘बीटल्स’ हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार ही चार नावे जगाला पाठ आहेत. यांपैकी पॉल आणि जॉर्ज हे ‘लिव्हरपूल इन्स्टिट्यूट’ या शाळेचे विद्यार्थी; त्यांची ओळख शाळेच्या बसमध्ये झाली. त्याच शाळेत पॉलबरोबर शिकणारा आणखी एक मुलगा होता, नील ॲस्पिनॉल. तो पुढे हिशेबनिसाचे शिक्षण घेत होता. मित्रांना कार्यक्रमांना पोहोचवण्यासाठी त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि होऊ घातलेली नोकरी सोडून तो त्यांच्या सामानाचा, वेळेचा आणि पैशाचा सांभाळ करू लागला. १९६३ मध्ये त्याच्या जोडीला मॅल एव्हान्स आला. हा टपाल खात्यातला टेलिफोन दुरुस्त करणारा, धिप्पाड देहाचा आणि मृदू स्वभावाचा माणूस. त्याच वर्षीच्या कडाक्याच्या जानेवारीत लंडनहून लिव्हरपूलला परतताना व्हॅनची पुढची काच फुटली, तेव्हा उरलीसुरली काच हाताने बाजूला सारून बर्फाळ वारा तोंडावर घेत रात्रभर गाडी हाकणारा तो हाच. मागे चौघे गायक उबेसाठी एकमेकांच्या अंगावर पडून होते.

आता १९६६ च्या उन्हाळ्याकडे येऊ. जर्मनी आणि जपान आटोपून मंडळी ३ जुलैला मनिलात उतरली. ४ जुलैला तेथील रिझाल मेमोरियल मैदानावर दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. दोन्ही मिळून सुमारे ऐंशी हजार श्रोते होते. एका दिवसात इतक्या लोकांपुढे गाणे हा कोणाही कलावंताच्या आयुष्यातला अभिमानाचा क्षण. पण त्याच दिवशी सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या मालाकान्यांग प्रासादात एक निराळाच कार्यक्रम मांडला गेला होता. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा यांनी स्वागतसमारंभ योजला होता. सरदार-दरकदारांची मुले नटूनथटून जमली होती. पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या मेजावर मांडल्या होत्या. चित्रवाणीचे कॅमेरे सज्ज होते. आणि पाहुणे हॉटेलात झोपलेले होते.

निमंत्रण स्थानिक आयोजकांमार्फत आले होते. ते कोणी, केव्हा आणि किती स्पष्टपणे पोहोचवले, याविषयी संबंधितांच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत. न्यायला माणसे आली तेव्हा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी नकार दिला, एवढे निश्चित. या नकाराला पूर्वपीठिका होती. १९६४ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीतील समारंभात एका पाहुण्याने कात्री काढून रिंगोच्या केसांची बट कापून घेतली होती. तेव्हापासून अशा सरकारी मेजवान्यांना जायचे नाही, असा दंडकच त्यांनी घालून घेतला होता. वॉशिंग्टनमध्ये जडलेल्या या सवयीचे मोल मनिलात वेगळे ठरले. लोकशाही देशातल्या यजमानाला नकार दिला तर तो मनात खट्टू होतो. ज्या राजवटीत राज्यकर्त्याची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची प्रतिष्ठा एकच मानली जाते, तेथे तोच नकार अपराध ठरतो. मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला तो १९७२ मध्ये. पण त्याची चाहूल या प्रसंगात लागते, असे मला वाटते.

चित्रवाणीवर रिकाम्या खुर्च्या आणि हिरमुसलेली मुले दाखवली गेली. एपस्टाइन यांनी दिलगिरीचे निवेदन केले, परंतु प्रक्षेपणात खरखर येऊन ते ऐकूच आले नाही. ५ जुलैच्या सकाळी हॉटेलात न्याहारी आली नाही, सामान उचलायला कोणी आले नाही, पोलीस बंदोबस्त नाहीसा झाला. कमाईवरील कराची मागणी पुढे आली आणि तिचा निकाल लावल्याखेरीज देश सोडता येणार नाही, असे बजावले गेले. विमानतळावर पोहोचावे तर सरकते जिने बंद! ॲम्प्लिफायर, गिटारी, ढोलांच्या पेट्या, सारे ओझे नील आणि मॅल यांनी इतर सहकाऱ्यांसह हातांनी वर चढवले. वर संतप्त जमाव आणि सशस्त्र माणसे वाट पाहत होती. धक्काबुक्की, लाथा आणि गुद्दे यांतून वाट काढत मंडळी विमानाकडे धावली. गायक त्या मानाने थोडक्यात बचावले. मार बसला तो त्यांच्याभोवती कडे करणाऱ्यांना. मॅल खाली पडला आणि त्याच्यावर लाथा पडल्या. मोटारचालक आल्फ बिकनेल जखमी झाला.

विमानात बसल्यावर सुटलो असे वाटावे, तोच घोषणा झाली: मॅल एव्हान्स आणि प्रसिद्धी अधिकारी टोनी बॅरो यांनी खाली उतरावे. त्यांच्या कागदपत्रांत देशात प्रवेश केल्याची नोंदच सापडत नव्हती. म्हणजे जो माणूस देशात आलाच नाही, त्याला देशाबाहेर कसे जाऊ द्यावे, असा तो कारकुनी पेच. उतरताना मॅल रडत होता आणि पत्नीला माझे प्रेम कळवा असे सांगत होता, अशी आठवण जॉर्जने पुढे नोंदवली आहे. बऱ्याच वेळाने दोघांना परत पाठवण्यात आले आणि विमान निघाले.

या दिवसाकडे मी पुन्हा पुन्हा का वळतो, ते सांगतो. सत्तेपुढे कलावंताने ताठ राहावे, असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. येथे नकार सत्तेला आव्हान म्हणून दिलेला नव्हता, बराचसा गैरसमजातून घडला होता, हेही खरे. परंतु नकार कोणत्याही कारणाने दिलेला असो, त्याची किंमत क्वचितच नकार देणाऱ्याच्या एकट्याच्या खात्यावर पडते. ती सामान उचलणाऱ्याच्या बरगड्यांवर पडते आणि मोटार हाकणाऱ्याच्या पाठीवर पडते. वृत्तपत्रांचे मथळे चौघांविषयी होते. मार खाणाऱ्यांची नावे शोधायला आपल्याला आठवणींची पुस्तके चाळावी लागतात.

पुढचा भाग दिल्लीचा. जॉर्जला चांगली सतार हवी होती. परतताना दिल्लीस थांबण्याचा बेत त्याने आधीच आखला होता आणि एकटे नको म्हणून सोबतीला नीलला बोलावले होते. अखेर ६ जुलैच्या पहाटे चौघेही येथे उतरले. येथे आपल्याला कोण ओळखतो, अशी त्यांची समजूत होती. विमानतळावर चाहत्यांची गर्दी उभी होती! कनॉट प्लेसमधील रिखीराम यांच्या दुकानातून भारतीय वाद्ये घेतली गेली. आपल्यापैकी अनेकजण त्या दुकानावरून लहानपणापासून जात आले असतील. सप्टेंबरमध्ये जॉर्ज पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईला आला. तत्पूर्वी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सचा तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम झाला होता. त्यानंतर ते कधीही दौऱ्यावर गेले नाहीत. दौऱ्याला ते आधीच विटले होते. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे वादनही ऐकू येत नसे. मनिलाने त्या विटण्यावर शिक्कामोर्तब केले.

१९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या ध्वनिमुद्रिकेत जॉर्जचे एक गीत भारतीय वाद्यांवर बांधलेले आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वादकांनी त्यात साथ केली होती. वेष्टणावर त्यांच्यापैकी कोणाचेही नाव छापले गेले नाही. जवळजवळ अर्धशतकानंतर ती नावे पुढे आली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. अण्णा जोशी हे नाव ऐकताच आपले कान टवकारतात, नाही का? पन्नास वर्षे आपण ते गीत ऐकत होतो आणि नाव मात्र ठाऊक नव्हते.

आणि शाळेचे काय झाले? लिव्हरपूल इन्स्टिट्यूट १९८५ मध्ये बंद पडली. इमारत ओस पडली. तिच्या माजी विद्यार्थ्याने, पॉल मॅकार्टनीने, पुढाकार घेतला आणि १९९६ मध्ये त्याच वास्तूत कलाशिक्षणाची नवी संस्था सुरू झाली. नील ॲस्पिनॉलने बीटल्सच्या ‘ॲपल’ या कंपनीचा कारभार २००७ पर्यंत सांभाळला. एकाच शाळेतले दोन विद्यार्थी. एकाने गाणी दिली, दुसऱ्याने ती जपली. यांतला मोठा कोण, हा प्रश्न मला अप्रस्तुत वाटतो.

मित्रहो, परमुलखात मराठी शाळा इतकी वर्षे चालवणे हाही एक लांबलचक दौराच आहे. या दौऱ्यातही न्याहारी न येणारे आणि जिने बंद पडलेले दिवस आले असणार. कधी विद्यार्थीसंख्या रोडावली असेल, कधी वेतनाची तरतूद होईना असे झाले असेल. त्या दिवसांत मुख्याध्यापकांची नावे फलकावर राहिली. परंतु घंटा वेळेवर देणारे शिपाई, पाणी भरणाऱ्या बाई, वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार फिरलेले लेखनिक, नाट्यस्पर्धेच्या रात्री पेट्या उचलणारे पालक, यांची नावे कोठे आहेत?

म्हणून एक विनंती करतो. या स्मरणिकेच्या अखेरीस काही पाने कोरी ठेवावीत. घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने अशा एका व्यक्तीचे पूर्ण नाव आठवावे, त्यांनी शाळेसाठी काय केले ते दोन ओळींत लिहावे आणि कार्यालयात आणून द्यावे. नाव आठवत नसेल तर आपल्या वर्गातल्या कोणाला तरी विचारावे. अण्णा जोशींचे नाव कळायला पन्नास वर्षे लागली. आपल्या शाळेला तेवढी वाट पाहायला लागू नये. ज्यांना विचारायचे, ती माणसे आज या सभागृहात बसलेली आहेत.